कपाटातली हवा

आई दारात येऊन म्हणाली, "मामाला सोमवारी घरी सोडतायत," आणि मुलीच्या मनात सगळ्यात आधी आलं ते कपाट. मामा नंतर. अगदी लगेच नंतर, पापणी लवते न लवते तोच, पण नंतरच. तिचा उजवा हात तेव्हा कोपरापर्यंत कपाटात होता, हातात पाण्याच्या फवाऱ्याची बाटली होती, आणि नेच्याच्या पानांवर बसलेले बारीक थेंब वरच्या दिव्यांच्या पट्टीखाली चमकत होते. आई हसत होती आणि रडत होती, दोन्ही एकाच तोंडानं. तीही ओरडली, "खरंच?" आणि आईच्या गळ्यात पडली, ओला हात मानेला लागला म्हणून आई किंचाळली, सगळं जसं व्हायला हवं तसं झालं. पण तो पहिला शब्द घशात माशाच्या काट्यासारखा अडकून राहिला. कुणी ऐकला नव्हता, कुणी कधी ऐकणारही नव्हतं. आईच्या खांद्यावरून तिनं कपाटाच्या उजव्या दारावरच्या आरशात पाहिलं. तिथं एक मुलगी आईला मिठी मारून उभी होती आणि तिचे डोळे मिठीत नव्हते, ते कुठली फळी कुठं होती ते आठवत होते.

कपाट मामाचं होतं. मामा म्हणजे आईचा मोठा भाऊ. यानं बाईशी लग्न केलं नाही, लिफ्टशी केलं, असं बाबा म्हणायचे, आणि ते फारसं खोटं नव्हतं. शहरातल्या उंच इमारतींच्या गच्चीवर जी छोटी, घरघरणारी खोली असते तिच्यात मामाचं आयुष्य गेलं. तेल, तारांचे दोर, चाकं, आणि खालून कुणीतरी बटण दाबून वाट बघतंय ही जाणीव. ती लहान असताना त्यानं तिला एकदा अशा खोलीत नेलं होतं. खाली खोल अंधारात लिफ्टची पेटी वर येताना दिसत होती आणि तिच्या शेजारून एक काळं, जाडजूड काहीतरी मुकाट्यानं खाली चाललं होतं. ते पाहून तिनं मामाचा कोट घट्ट धरला होता. "लिफ्ट एकटी कधी वर जात नाही, भिंगरे," मामा म्हणाला होता. "ती वर निघाली की तेवढंच लोखंड खाली येतं. आत बसलेल्याला दिसत नाही, एवढंच." तिला तेव्हा लोखंडाचं काही वाटलं नव्हतं, कोटाचा वास मात्र राहिला. तेल, घाम, जळकी लोकर. करड्या रंगाचा जाड कोट, कामावरचा. खिशापाशी ठिणगी पडून झालेलं भोक. पहाटे मामा कपाट उघडायचा तेव्हा बिजागरी कुर्रऽऽ करायची, इतकी लांब आणि इतकी तक्रारखोर की सगळं घर कूस बदलायचं. मग कोटाच्या बाह्या सळसळायच्या, पुन्हा कुर्रऽऽ, आणि मामा गेला. बाबा म्हणायचे, "जगभरच्या दारांची दुरुस्ती करतो आणि घरचं दार बघा!" मामा म्हणायचा, "ते दार नाही, घड्याळ आहे तुमचं. तेल घातलं तर कामावर कसे जाल?"

आणि एके दिवशी तो अशाच एका गच्चीवरच्या खोलीत पडलेला सापडला. मेंदूत रक्तस्राव. नळ्या, यंत्रं, काचेपलीकडून दिसणारी पांढरी चादर आणि तिच्याखाली मामाच्या आकाराचं कुणीतरी. सुरुवातीला ती रोज हॉस्पिटलात जायची. मग एक दिवसाआड. मग परीक्षा आली, आणि परीक्षा हे किती सोयीचं कारण असतं ते तिला तेव्हा कळलं. डॉक्टरांनी आईबाबांना बाजूला घेऊन सांगितलं की आता मनाची तयारी ठेवा. बाबा चष्म्याच्या दुकानात भिंगं घासायचं काम करतात. त्या दिवसापासून ते घरीही सारखा आपला चष्मा पुसत बसायला लागले. आईनं मात्र मनाची तयारी केली म्हणजे घर धुवायला काढलं. आईचं दुःख नेहमी फडक्यातून बाहेर पडतं. आधी स्वयंपाकघर झालं, मग खिडक्या, मग पंखे, आणि घासायला काही उरलं नाही तेव्हा मामाची खोली. तिनं शर्ट काढले, घड्या घातल्या, कपडे गोळा करून नेणाऱ्या बायांना देऊन टाकले. रडता रडता म्हणत होती, "कुणाच्या तरी अंगाला लागू देत." बायांनी सगळं नेलं, करडा कोट तेवढा परत केला. तेलकट आहे, भोक आहे, हा नको. आईनं तो फरशी पुसायच्या फडक्यांत टाकला. खोलीत रिकामं कपाट राहिलं, दोन्ही दारं सताड उघडी. आत एक आडवी दांडी आणि तिच्यावर रिकामे हँगर, कुणी शेजारून चाललं की एकमेकांवर आपटून हलके वाजणारे.

ते वाजणं मुलीला सहन होईना. हे खरं होतं. पण खरं एवढंच होतं का? तिला झाडांसाठी जागा हवी होती, हेही खरं होतं. तिच्या खिडकीत ऊन येत नव्हतं, हिवाळ्याची कोरडी हवा पानांच्या कडा जाळत होती, आणि शाळेच्या विज्ञान मंडळाच्या बाईंनी एकदा सांगितलं होतं की बंद कपाटात दिवे लावून, ओल कोंडून अख्खं जंगल वाढवता येतं. ती जेवताना म्हणाली, "मामाचं कपाट मी घेऊ?" बाबांनी चष्मा काढून पुसला. आई म्हणाली, "घे. रिकामं बघवत नाही." तेव्हा मामा जिवंत होता. तो तिथं, शहराच्या दुसऱ्या टोकाला, यंत्राच्या श्वासानं का होईना, श्वास घेत होता, आणि इथं त्याच्या कपाटाचं काय करायचं हे ठरलं. मग ती कामाला लागली. डाव्या दाराची फळी काढून पारदर्शक प्लॅस्टिकचं तावदान बसवलं. दांडी काढून जुन्या फ्रिजच्या जाळ्या बसवल्या. आतून पांढरा तेलरंग दिला, म्हणजे लाकूड ओल पिणार नाही. तळाला ट्रे, त्यात खडे आणि पाणी. बाबांनी ड्रिलनं पाठीच्या फळीला भोक पाडून दिलं, वायर जायला. भुसा पडला तेव्हा क्षणभर जुन्या लाकडाचा वास आला आणि बाबा ड्रिल हातात धरून तसेच थांबले, मग म्हणाले, "किती मोठं पाहिजे?" दिव्यांच्या पट्ट्या लागल्या, बंद पडलेल्या कॉम्प्युटरमधला एवढासा पंखा लागला. बिजागऱ्यांना तेल लागलं. पण दारांच्या फटीतून ओल निघून जात होती, आतलं आर्द्रतेचं मीटर वर चढतच नव्हतं. रबराच्या पट्ट्या तिनं लावून पाहिल्या, त्या दुसऱ्या दिवशी सुटल्या. हवं होतं काहीतरी जाड, दबणारं, लोकरीसारखं. ती फडक्यांच्या बादलीपाशी गेली.

कात्रीखाली कोट सहज फाटला नव्हता. आधी बाह्या कापल्या, मग पाठ, मग पुढची बाजू. लांब, सरळ, बोटभर रुंद पट्ट्या, आणि त्या चौकटीला सगळीकडून चिकटवल्या. काम करताना ती गुणगुणत होती. आता आठवलं की अंगावर काटा येतो तो त्या गुणगुणण्यामुळे. दार लावलं तर कुर्रऽऽ नाही, नुसतं एक मऊ 'फप्'. आत काही दिवसांतच धुकं धरलं. ओल्या शेवाळावर ठेवलेल्या बिगोनियाच्या एका पानाच्या शिरेतून टाचणीच्या डोक्याएवढं नवं रोप वर आलं, आणि ती घरभर नाचली.

आणि मग तिचं जे झालं ते झालं! वर्गात मागच्या बाकावर बसून स्वतःचं नाव पुकारलं तरी दचकणारी पोरगी ती. विज्ञान मंडळात कपाटाचे फोटो दाखवायला उभी राहिली आणि बोलतच सुटली. दिवे, ओल, हवा, मुळं. सगळा हॉल गप्प. मग टाळ्या, मग प्रश्न, मग ज्यांनी तिला कधी विचारलं नव्हतं त्या मुली डब्याच्या सुट्टीत येऊन बसल्या. तिचा आवाज बदलला, चाल बदलली, आरशासमोर उभं राहणं बदललं. रोज सकाळी तिला वाटायचं, आज काहीतरी होणार. ती वर, वर चालली होती. मामानं डोळे उघडल्याचा निरोप आला तो याच दिवसांत. मग मामानं बोट हलवलं, मग मामा घोट गिळायला लागला, मग नीट न कळणारे शब्द. प्रत्येक निरोपाला घर आनंदानं उसळायचं आणि मामाच्या खोलीत कपाट आपला पांढरा उजेड टाकत उभं असायचं. दिवाणखान्यातून त्या उजेडाची रेघ दाराखालून दिसायची. ती रेघ तिघांनाही दिसत होती. तिघंही तिच्याबद्दल बोलत नव्हते.

"त्याला कळता कामा नये," आई म्हणाली. सोमवारच्या आदल्या दिवशीची दुपार होती.

"काय कळता कामा नये?" बाबांनी विचारलं. "झाडं लावली हे?"

"उगाच वेड पांघरू नका. आपण... आपण त्याचे कपडे देऊन टाकले. माणूस जिवंत असताना. सख्ख्या बहिणीनं."

"नवे घेऊ."

"आणि विचारलं जुने कुठंयत तर? इतके दिवस तो तिकडं झुंजतोय आणि इकडं आपण त्याची दांडीसुद्धा काढली. काय म्हणेल तो? मेलो असं धरूनच चालले होते!"

"धरूनच चाललो होतो," बाबा हळूच म्हणाले, आणि आईनं त्यांच्याकडे असं पाहिलं की त्यांनी चष्मा काढला.

झाडं हलवायला जागा नव्हती, हिवाळा ऐन भरात होता, बाहेर काढलं तर दोन दिवसांत सगळी कोमेजली असती. शेवटी आईनंच तोडगा काढला. कपाटावर मोठी चादर टाकायची, दिवे बंद, पंखा बंद. सांगायचं की वाळवी लागली होती, औषध मारलंय, उघडायचं नाही. कपडे? कपडे धुवायला दिलेत. "वाळवी बरीय," बाबा म्हणाले. "ती निदान लाकूडच खाते." दिव्यांचं बटण मुलीनं स्वतः दाबलं. पांढरा उजेड गेला, पंख्याची गुणगुण थांबली, आणि चादरीखाली कपाट एकदम उंच वाटायला लागलं, कुणीतरी तोंड झाकून उभं राहिल्यासारखं.

मामा आला. चाकांच्या खुर्चीत, अर्धा झालेला, चेहऱ्याची डावी बाजू किंचित उतरलेली, डावा हात मांडीवर कुणीतरी विसरून गेलेल्या वस्तूसारखा. लिफ्टमध्ये शिरताच त्यानं मान वर केली, कान देऊन ऐकलं आणि ओठांतून लाळ सांभाळत पहिलं वाक्य बोलला, "कुणी हात लावलाय हिला? रडतीय." आई हसून हसून रडली. खोलीत आणून पलंगावर टेकवलं तेव्हा त्यानं सगळीकडे नजर फिरवली. खिडकी, खुर्ची, भिंतीवरचं कॅलेंडर. चादरीपाशी नजर थांबली. "वाळवी!" आई घाईघाईनं म्हणाली, "औषध मारलंय, दादा. दार उघडायचं नाही म्हणालेत." मामा म्हणाला, "बरं."

त्या 'बरं'नं तिची झोप उडवली असती तर बरं झालं असतं. पण तिला झोप लागत होती, भूक लागत होती, शाळेत मैत्रिणींबरोबर खिदळायलाही येत होतं, आणि हेच तिला अवघड वाटत होतं. शाळेतून आल्यावर ती मामापाशी बसायची, त्याच्या डाव्या हाताची बोटं एकेक करून उघडायची, मिटायची. डॉक्टरांनी तसं करायला सांगितलं होतं. बोटं जड होती. ती वर्गातल्या गमती सांगायची, मामा एका बाजूनं हसायचा. आणि सगळा वेळ तिच्या पाठीमागे, हात लांब केला तर लागेल एवढ्या अंतरावर, अंधारात तिची झाडं मरत होती. तिला ते पाठीवर कळायचं. पान पिवळं पडताना आवाज होत नाही, पण तिला वाटायचं आपल्याला ऐकू येतंय. आणि मग वाटायचं, मामा असाच पडला होता की काचेपलीकडे. तेव्हा पाठीवर काही कळलं होतं का आपल्याला? झाडांसाठी जीव तुटतोय, आणि तेव्हा? ती मामाची बोटं मिटायची, उघडायची. बटण अगदी जवळ होतं. दाबलं असतं तर चादरीतून उजेड पाझरला असता, झाडं जगली असती, आणि मामाला कळलं असतं की त्याच्या घरच्यांनी त्याला आधीच पोचवून टाकलं होतं. न दाबलं तर झाडं संपली असती आणि मग चादरीखाली पोकळ कपाट, आत फ्रिजच्या जाळ्या आणि कुजकी मुळं. तेही कधीतरी उघडावं लागलंच असतं.

एके दुपारी आई बाजारात गेली होती, बाबा दुकानात. ती दप्तर टाकून आत आली तर मामा पलंगाच्या कडेला बसलेला, वॉकर समोर ओढलेला. तो चादरीकडे बघत होता.

"भिंगरे, ती चादर काढ."

"मामा, ते औषध..."

"औषधाचा वास मला माहीत आहे. लिफ्टच्या जुन्या लाकडी पेट्यांत मारायचो आम्ही." शब्द जाड येत होते, पण येत होते. "हा ओल्या मातीचा वास आहे. मी आल्यापासून येतोय. आधी वाटलं, डोकं अजून ठिकाणावर नाही. काढ."

तिनं चादर ओढली. तावदानाला आतून ओल धरलेली होती, तिच्यामागे नुसत्या काळोख्या आकृत्या. कुठल्या हातानं बटण दाबलं ते तिला कळलं नाही. पांढरा उजेड एकदम सांडला. नेचे वाकले होते, फिटोनिया भुईसपाट झाली होती, एका कोपऱ्यात शेवाळ राखाडी पडलं होतं. आणि बिगोनिया, एका पानापासून झालेली तिची बिगोनिया, सगळीच्या सगळी एका बाजूला झुकली होती, तावदानाच्या कडेला जिथं चादर नीट बसली नव्हती त्या चिरेकडे. मामा एका हातानं वॉकर रेटत, एक पाय ओढत आला. तिनं खुर्ची सरकवली, तो बसला. दार तिनंच उघडलं. उबदार, ओली, मातकट हवा दोघांच्या तोंडावर आली आणि मामानं डोळे मिटले.

"कुरकुरत नाही," तो म्हणाला.

"तेल घातलं."

मामानं उजवा हात पुढे केला. झाडांकडे नाही, कपाटाच्या चौकटीकडे. बोट करड्या पट्टीवर टेकलं आणि पट्टीवरून खाली खाली गेलं, सावकाश, अंधारात दोर चाचपावा तसं. एका जागी थांबलं. तिथं जळकं भोक होतं, अर्धं कापलेलं. तिला ते दिसलंच नव्हतं, चिकटवताना. की दिसलं होतं? बोट त्या भोकाच्या कडेवरून फिरलं, एकदा, पुन्हा एकदा. पंखा गुणगुणत होता.

"हे एवढं मोठं व्हायला किती दिवस लागतात?" मामानं बिगोनियाकडे बघून विचारलं.

उत्तर जिभेवर तयार होतं. मोठीच आणली, बाबांनी रोपवाटिकेतून आणली, तू येणार म्हणून खोलीत जरा हिरवं असावं म्हणून. किती सोपं, किती गोड! तिचा तो नवा, हॉल गप्प करणारा आवाज असल्या वाक्यासाठी अगदी योग्य होता. मामा झाडाकडे बघत होता, तिच्याकडे नाही; तेवढी सवलत त्यानं ठेवली होती. तिनं मान खाली घातली. खाली मामाचा डावा पाय होता, सपात उलटी घातलेली.

"एका पानापासून झालीय ती," ती म्हणाली. आवाज जुनाच आला, मागच्या बाकावरचा. "पान लावलं तेव्हा तू शुद्धीवर नव्हतास."

मामाचं बोट पट्टीवरच होतं.

"आईनं नुसतं पुसून घेतलं होतं सगळं. कपाट मीच मागितलं. जेवताना." तिला थांबता येईना. "आणि सोमवारी तू येणार म्हणून कळलं ना, तेव्हा माझ्या मनात पहिल्यांदा..."

"पुरे," मामा म्हणाला. रागावून नाही. चालत्या चाकाला हात लावून थांबवावं तसं. आतल्या पंख्याची झुळूक बाहेर येत होती, त्याच्या कपाळावरचे विरळ केस हलत होते. एकदा त्याचा ओठ थरथरला आणि तिला वाटलं आता रडेल, आता ओरडेल, आता म्हणेल बंद कर ते. आणि यातलं काहीही झालं असतं तर तिला चाललं असतं. खाली रस्त्यावर कुणीतरी कुणाला तरी हाक मारत होतं. वर, कुठल्यातरी मजल्यावर, लिफ्ट रडत थांबली, दार उघडलं, लागलं.

"इथं खाली सुटलीय," मामा म्हणाला.

तिला कळेना.

"पट्टी. खालच्या कोपऱ्यात. ओल सगळी इथून जातीय, झाडं काय जगणार? डिंक आण."

ती डिंक घेऊन आली तेव्हा तो तसाच बसला होता. ती गुडघ्यांवर बसली. सुटलेला तुकडा बाहीचा होता; कडेची दुमडलेली शिवण अजून त्यावर होती. तिनं डिंक लावला, पट्टी बसवली, दाबून धरली. बोट काढलं की पट्टी सरकत होती.

"तुझं काम नव्हे," मामा म्हणाला. "हा ठेव त्याच्यावर." आणि हनुवटीनं मांडीवरच्या डाव्या हाताकडे खूण केली. "वजन म्हणून तरी उपयोगी पडेल."

तिनं तो हात दोन्ही हातांनी उचलला. किती जड असतो एक हात! मनगटापाशी नळ्यांच्या खुणा अजून काळ्या होत्या. तिनं तो हलकेच नेऊन बाहीच्या त्या तुकड्यावर टेकवला, बोटं एकेक करून उघडली, पट्टीवर पसरली.

"वाळेपर्यंत हलायचं नाही," मामा म्हणाला.

ती हलली नाही.